वहिवाटीचा समुद्र

पैसे एकदाच भरायचे आणि सुट्टी संपेपर्यंत पाकिटाला हात लावायचा नाही, ही पद्धत आता कॅरिबियन बेटांची ओळख झाली आहे. तिचा जन्म मात्र भूमध्य समुद्राकाठचा. १९५० मध्ये जेरार ब्लिट्झ यांनी मायोर्का बेटावर क्लब मेडची पहिली तंबूंची वसाहत उभी केली. पुढे क्लबच्या वसाहतींत गळ्यात रंगीत मण्यांची माळ असे आणि पेय घेतलं की मणी काढून द्यायचा. युद्धाच्या रेशनमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसांना मोजून-मापून खाण्याचा विसर पडावा, ही इच्छा मला फार माणुसकीची वाटते.

जमैकात ही पद्धत रुजली त्याला आणखी एक कारण होतं, भीती. १९७० च्या दशकात किंग्स्टनमध्ये राजकीय टोळ्यांचा हिंसाचार वाढला, १९७६ मध्ये आणीबाणी लागू झाली आणि परदेशी पाहुणे बिचकू लागले. जेवण, पेयं, खेळ, संगीत, सगळं कुंपणाच्या आतच मिळालं तर बाहेर पडायचं कारणच उरत नाही. १९८१ मध्ये बुच स्टुअर्ट यांनी मॉन्टेगो बेला सँडल्सचं पहिलं हॉटेल उघडलं, तोपर्यंत या किनाऱ्यावर ही वाट मळायला लागली होती. हिंसाचार राजधानीतला, कुंपणं मात्र उत्तर किनाऱ्यावर उभी राहिली.

टोरँटोचा हिवाळा टाळायला मी आईला घेऊन अशाच एका ठिकाणी गेले. अशा सुट्टीला नाक मुरडणारे लेख मी बरेच वाचले आहेत. त्यांतला राग मला कळतो, पण माझ्या आईसारखी बाई त्यांत कुठेच नसते. लग्न झाल्यापासून ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न तिच्यासोबतच झोपतो आणि तिच्यासोबतच उठतो. आमच्याकडे टोरँटोला आली तरी पहिल्याच संध्याकाळी ती भिजवायला कडधान्य शोधते. इथे मनगटावर कागदी पट्टी बांधली गेली आणि तो प्रश्न सुटला. आई तासन् तास समुद्राकडे बघत बसायची. जेवायच्या वेळी उठायची, ती जेवायलाच. तिचा चेहरा इतका मोकळा मी आधी पाहिला नव्हता.

न्याहारीला कॅललू नावाची परतलेली पालेभाजी असे. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हा तर माठ!” तिचं बरोबर होतं. जमैकातला कॅललू हा माठाच्याच कुळातला. कांदा, टोमॅटो, मिरची घालून तो परततात. शेजारच्या भांड्यात ॲकी आणि खारवलेला मासा. ॲकीचं फळ पश्चिम आफ्रिकेतून आलेलं. ते झाडावर आपोआप उकलेपर्यंत विषारी असतं. आणि खारवलेला कॉड उत्तर अमेरिकेतून यायचा, उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात जगवण्यासाठी. दुपारी बकऱ्याचा रस्सा असे. गुलामगिरी १८३८ मध्ये पुरती संपल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून कलकत्त्याहून निघालेलं ‘ब्लंडेल’ जहाज १० मे १८४५ रोजी ओल्ड हार्बर बेला लागलं. पुढच्या सत्तर-एक वर्षांत सुमारे ३६ हजार हिंदुस्थानी माणसं करारावर या बेटावर आली. त्यांचा मसाला या रश्श्यात आहे. टेबलावरच्या पाट्यांवर फक्त पदार्थांची नावं होती.

कॅललू वाढणाऱ्या बाईंशी आईचं सूत जुळलं. त्या मॉन्टेगो बेच्या वरच्या डोंगरवस्तीतून पहाटेच्या टॅक्सीने यायच्या. तुमची मुलं पोहतात का, असं आईने माझ्यामार्फत विचारलं. त्या म्हणाल्या, लहानपणी मी वडिलांबरोबर ज्या खाडीत उतरायचे तिथे आता फाटक आहे. मुलांना न्यायचं तर तिकिटाच्या किनाऱ्यावर, आणि चौघांचं तिकीट दर सुट्टीला परवडत नाही. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र त्या दिवशी पाण्यात जावंसं वाटेना. आमच्या किनाऱ्याच्या टोकाला तरंगत्या बोयांचा दोर समुद्रात आत गेलेला होता आणि तिथे दिवसभर एक रखवालदार उभा असे.

त्या दोरामागे एक कायदा आहे. १९५६ चा बीच कंट्रोल ॲक्ट. भरती-ओहोटीमधली जमीन आणि समुद्राचा तळ या कायद्याने इंग्लंडच्या राजसत्तेच्या नावे झाला आणि किनारा वापरायला परवाने आले. सामान्य माणसाला समुद्रावर जाण्याचा सरसकट हक्क त्यात नाही. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, कायदा राहिला. त्याच कॅरिबियनमधल्या बार्बेडोसमध्ये किनारे सर्वांसाठी खुले आहेत, तेव्हा पर्यटन चालवायचं तर किनारा बंदच करावा लागतो असंही नाही.

जमैकातली माणसं गप्प बसलेली नाहीत. ‘जमैका बीच बर्थराइट एन्व्हायर्नमेंटल मूव्हमेंट’ ही संघटना मॅमी बेसारख्या किनाऱ्यांसाठी कोर्टात गेली आहे. तिच्या हातातलं हत्यार आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ओळखीचं वाटेल: वहिवाट. १८८२ च्या एका कायद्यानुसार लोक वीस वर्षं विनाअडथळा एखाद्या किनाऱ्यावर मासेमारीला किंवा अंघोळीला येत असतील, तर तो हक्क त्यांचा होतो. बांधावरच्या पायवाटेसाठी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घरं आमच्या कोकणात आहेत, त्यामुळे हे मला लगेच भिडलं. आजोबा इथे होडी लावायचे, आजी इथे पोरांना बुचकळायची, हीच साक्ष. त्या बाईंच्या वडिलांची खाडीही अशा साक्षीत येऊ शकते. ती यावी, आणि टिकावी, असं मला मनापासून वाटतं.

आईची विश्रांती मला खोटी ठरवायची नाही. पण ती दुसऱ्या एका आईच्या पहाटेवर उभी होती, आणि त्या आईला तिच्याच समुद्रात सुट्टी नव्हती. ही सांगड अटळ आहे, हे मला मान्य नाही. दक्षिण किनाऱ्यावर ट्रेझर बीच नावाची मच्छीमारांची वस्ती आहे. तिथे मोठ्या रिसॉर्टांपेक्षा लहान घरगुती निवास जास्त आहेत, होड्या आणि पाहुणे एकाच वाळूवर असतात. पुढच्या वेळी तिकडे जाऊ, असं मी आईला सुचवलं.

“तिथे स्वयंपाक कोण करतं?” तिने आधी हेच विचारलं.

घरची बाई करते, म्हटलं, आणि पैसे तिच्याच हातात जातात.

“मग चालेल,” आई म्हणाली. “पण भाजी निवडायला मी बसेन तिच्याबरोबर.”