पडद्यावरच्या नोंदी

बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की माणसाचा देवावर नसला तरी नोंदीवर विश्वास बसतो. ग्राहक विसरतो, साहेब विसरतात, खातं विसरत नाही. माणसाच्या शरीराचंही असं एक खातं असतं आणि ते डोळ्याच्या मागच्या पडद्यावर लिहिलेलं असतं, ही माहिती मला चाळिशी लावायची वेळ आली तेव्हा मिळाली. आपण समजतो, डोळे आपल्याला बाहेर बघायला दिलेत. डॉक्टर लोकांच्या मते ते त्यांना आत डोकवायला दिलेले आहेत.

हे डोकावणं वाटतं तितकं सोपं नाही बरं का! बाहुलीतून आत गेलेला उजेड आला त्याच वाटेनं परत फिरतो, आणि तो बघायला जावं तर बघणाऱ्याचंच डोकं उजेडाच्या आड येतं. म्हणून बाहुली काळी दिसते. (खिडकीत तोंड घालून ‘इथे अंधार का हो?’ विचारणाऱ्या ग्राहकांना हे तत्त्व मी नेहमी समजावतो.) हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १८५० साली काचेच्या पट्ट्या तिरप्या धरून ही अडचण सोडवली. तेव्हा त्याचं वय होतं २९. त्या वयात मी कन्फर्मेशनच्या पत्राची वाट बघत होतो.

तर त्या दिवशी डोळ्यांत थेंब घालून मला बाकावर बसवण्यात आलं. बाकावर आम्ही सातजण, डोळे मिटून, माना मागे टाकून. लांबून बघणाऱ्याला भजनात रंगलेलं मंडळ वाटावं, किंवा जेवणानंतरचा आमचा कर्ज विभाग. अर्ध्या तासानं आत बोलावणं आलं. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड सोडला, ‘माझ्या कानाकडे बघा’ म्हणाले, आणि मग गप्प. बऱ्याच वेळानं फक्त ‘हं.’

हा ‘हं’ माझ्या ओळखीचा आहे. इन्स्पेक्शनला आलेला अधिकारी रजिस्टरचं एखादं पान उलटायचं थांबतो ना, तेव्हाचा.

“बी.पी. आहे का हो तुम्हाला?”

“मी नंबर काढायला आलोय.”

“तो काढू. बी.पी. बघून घ्या.”

मग त्यांनी समजावलं. माणूस कुठेही न कापता त्याच्या रक्तवाहिन्या इतक्या स्वच्छ दिसण्याची जागा हीच. इथं धमनी शिरेवरून जाते तिथं दोघींचं वेष्टन एकच असतं. रक्तदाबानं धमनी कडक झाली की खालची शीर दबते. एका लाल फितीत दोन फायली करकचून बांधल्यासारखी. दाब आणखी वाढला तर ज्योतीच्या आकाराचे रक्ताचे फराटे आणि कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे डाग. मधुमेहाचं अक्षर निराळं : बारीक लाल ठिपके आणि पिवळट कण.

१९३९ साली कीथ, वॅगनर आणि बार्कर या तिघांनी पडदा बघून रक्तदाबाच्या रोग्यांचे चार वर्ग पाडले. कर्जांचेही आम्ही चारच पाडतो : स्टँडर्ड, सबस्टँडर्ड, डाउटफुल आणि लॉस. त्या काळी रक्तदाबावर धड औषधं नव्हती. चौथ्या वर्गातले बहुतेक जण वर्षभरात खातं बंद करून जात.

चौथ्या वर्गाची खूण म्हणजे सुजलेली चकती. डोळ्याची नस जिथून पडद्याबाहेर पडते, ती ही चकती, जेमतेम दीड मिलिमीटरची. तिच्यावर स्वतःला काहीच दिसत नाही, पण सगळी दृष्टी तिच्यातूनच पुढे जाते. आमच्या हेड ऑफिसचं आवक-जावक खातंच म्हणा. ती सुजायला रक्तदाबच लागतो असं नाही. या नसेला मेंदूचीच वेष्टनं असतात, म्हणून डोक्यात दाब वाढला की तो त्यातून सरळ इथवर येतो आणि चकतीच्या कडा पुसट होतात. दोन्ही डोळ्यांतल्या या सुजेचा मेंदूतल्या गाठीशी असलेला संबंध फॉन ग्रेफेनं १८६० साली दाखवला.

हे सगळं मी पुढे मुद्दाम वाचलं ते आमच्या कॅशियरमुळे. सकाळी उठला की डोकं ठणकायचं, आणि खालचा ड्रॉवर उघडायला वाकला की चार-पाच सेकंद डोळ्यांपुढे अंधारी. सगळ्या शाखेनं एकमतानं चष्म्याचा ठराव पास केला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यानं तक्त्याची शेवटची ओळही घडाघडा वाचली. दुसरा एखादा ‘नजर उत्तम आहे’ म्हणून मोकळा झाला असता. यांनी आत बघितलं. दोन्ही चकत्या सुजलेल्या. त्याच संध्याकाळी डोक्याचा स्कॅन, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मेंदूच्या वेष्टनाची गाठ होती, साधी निघाली. त्या आठवड्यात शाखेत कुणी मोठ्यानं बोललं नाही. चहावाला पोऱ्यासुद्धा कप हळू ठेवायचा.

चार महिन्यांनी तो परत आला, टाळूवर टाक्यांची रेघ घेऊन. बाजूचं थोडं कमी दिसतं, त्यामुळे कडेच्या ग्राहकाला दोनदा हाक मारावी लागते. बँकेच्या सरासरीत हे पुष्कळच बरं आहे.

माझं राहिलंच. थेंबांमुळे जवळचं काही दिसत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी फिजिशियनला लिहिलेली चिठ्ठी बायकोनं रिक्षात वाचली. “ग्रेड टू म्हणजे काय हो?”

“सेकंड क्लास. बी.कॉम.लाही तोच होता.”

ती हसली नाही. त्या रात्रीपासून माझ्या ताटाची डावी बाजू रिकामी झाली. मीठ गेलं, लोणचं गेलं, पापड गेला. लिंबाची फोड तेवढी एकटी बसलेली असते.