संजयाची दृष्टी आणि वर्गातला प्रश्न

शिक्षणाचे साधन अंगवळणी पडले, की ते साधन आहे याचाच विसर पडतो. फळा आणि खडू यांना आज कोणी तंत्रज्ञान म्हणणार नाही. तरीही साठ जणांना एकाच वेळी एकच आकृती दाखवण्याची सोय त्यांनी केली तेव्हा अध्यापनाची रीत पालटलीच होती. छापील पुस्तकाने तर गुरुमुखाची मक्तेदारी मोडली. पोथीत राहिलेली विद्या आणि परक्याच्या हाती गेलेले धन सारखेच निरुपयोगी, असे बजावणारे जुने सुभाषित हे एका साधनाविरुद्ध दुसऱ्या साधनाने मांडलेले गाऱ्हाणेच होय. तेव्हा महाविद्यालयीन अध्यापनात नवी यंत्रे यावीत की नयेत, हा वाद फार काळ टिकणारा नाही. ती येतात आणि राहतात. विचार करायचा तो एवढाच, की अध्यापन नावाच्या व्यवहारातला नेमका कोणता भाग ती वाहून नेतात आणि कोणता मागे ठेवतात.

या प्रश्नाचा इतिहास भारतात एकाच शहरात वाचायचा असेल, तर ते शहर बंगळूर होय. आकाश आणि वर्ग यांची गाठ येथे फार पूर्वी पडली. १९६२ ते १९८१ या काळात भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असलेले सतीश धवन १९७२ पासून १९८४ पर्यंत अवकाश संशोधन संघटनेचेही अध्यक्ष होते. अध्यक्षपद स्वीकारताना त्यांनी संघटनेचे मुख्यालय बंगळुरात असावे आणि संस्थेतले आपले काम चालू राहावे, अशी अट घातली होती. उपग्रह घडवणारी व्यवस्था अशा रीतीने एका शिक्षकाच्या हाती आली. ‘आर्यभट’ हा पहिला भारतीय उपग्रह पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या साध्या शेडमध्ये तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून एक वर्षभर अमेरिकेकडून मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने कर्नाटकासह सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोचवले गेले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर भरू लागला. आवाज पोचत होता, चित्र पोचत होते. परंतु पडद्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याचा हात वर झाला, तर तो कोणाला दिसत नव्हता.

ही उणीव शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या पहिल्या प्रयोगासाठी निवडलेल्या विद्यापीठांत दोन अशी होती, की मराठी वाचकाला त्यांचे अगत्य वाटावे : एक, १९९८ मध्ये बेळगावात स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठ आणि दुसरे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. या जाळ्यातील काही केंद्रांची रचना केवळ ग्रहण करण्याची होती, तर काहींवरून उलट बोलताही येत असे. म्हणजे शंका विचारण्याची सोय यंत्राने केली होती. आडवे आले ते साधे गणित. शंभर केंद्रांनी प्रत्येकी एकच शंका विचारली आणि तिला दोनच मिनिटे दिली, तरी तीन तासांहून अधिक वेळ लागतो. आणि व्याख्यान असते एका तासाचे. आवाज शंभरपट करता येतो, ऐकणारा कान शंभरपट करता येत नाही. २०१० मध्ये हा उपग्रह सेवेतून निवृत्त झाला. हे गणित मात्र मागे उरले.

नाशिकच्या विद्यापीठाने या गणितावर आपल्यापुरता एक तोडगा आधीच काढला होता. राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली १९८९ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाची पुस्तके स्वयं-अध्ययनासाठी लिहिली गेली. मजकूर मध्येच थांबतो, वाचकाला प्रश्न विचारतो, उत्तर पडताळून पाहायला सांगतो आणि मग पुढे जातो. शेतावरून किंवा कारखान्यातून परतून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या मराठी माणसासाठी छापील पानालाच शिक्षकाची थोडी सवय लावण्याचा हा प्रयत्न होता. उपग्रहापेक्षा कितीतरी स्वस्त असे हे तंत्रज्ञान होते आणि त्याचे मूळ प्रश्नात होते.

पुढची पायरी पुन्हा बंगळूरशी जोडलेली आहे. २००३ मध्ये सात भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ हा उपक्रम हाती घेतला. अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि त्या वेगाने शिक्षक तयार होणे शक्य नव्हते. या संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने चित्रित होऊन सर्वांना विनामूल्य खुली झाली; २०१४ पासून त्यांवर परीक्षा घेऊन प्रमाणपत्रेही दिली जाऊ लागली. या उपक्रमाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. एखाद्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलीला देशातल्या अव्वल संस्थेतले व्याख्यान घरी ऐकता यावे, न समजलेला भाग दहा वेळा मागे नेता यावा आणि त्या दहा वेळांत तिला कोणी हसू नये, ही सोय पूर्वी श्रीमंतांच्या मुलांनाही नव्हती. चित्रित व्याख्यान कंटाळत नाही, चिडत नाही, जातपात पाहत नाही. अनेक व्याख्यानांच्या संहिता आता मराठी-कन्नडातही उपलब्ध झाल्या आहेत. इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडखळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एवढेही पुष्कळ आहे.

मग उणे काय राहते? येथे गीतेच्या रचनेकडे वळणे उपयोगी ठरेल. कुरुक्षेत्रावर झालेला एकच संवाद तिघांना लाभला. अर्जुनाने तो समोरासमोर ऐकला, अडवून अडवून प्रश्न विचारले आणि त्याचा मोह फिटला. संजयाने तो दिव्य दृष्टीने दुरून पाहिला. धृतराष्ट्राने तो संजयाच्या तोंडून ऐकला. दुरून मिळालेली विद्या निष्फळच असती, तर संजय कोरडा राहायला हवा होता. परंतु त्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात. कोरडा राहतो तो धृतराष्ट्र. ज्ञानदेवांनी तर या दोघांतले अंतर फार मिस्कीलपणे रंगवले आहे : संजयाचे अंतःकरण उचंबळून येत असताना हा म्हातारा पुराच्या पाण्यात म्हैस बसून राहावी तसा ढिम्म बसलेला त्यांना दिसतो. तेव्हा दोष अंतराचा नव्हे. अंतर असूनही ज्याला ओढ आहे तो शिकतो. चित्रित व्याख्यानांचा पुरेपूर लाभ ज्यांनी घेतला, ते विद्यार्थी संजयाच्या जातीचे आहेत. महाविद्यालयापुढचा खरा प्रश्न उरलेल्यांचा आहे. आणि वर्गात त्यांचीच संख्या मोठी असते. ही ओढ निर्माण करण्याचे काम कोणी करायचे?

बंगळुरात या प्रश्नाचे एक उत्तर यंत्राविना दिले गेले. गौरीबिदनूरजवळच्या होसूर या खेड्यातून शिक्षणासाठी पायी चालत शहरात आलेले एच. नरसिंहय्या पुढे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य आणि बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६२ मध्ये त्यांनी बंगलोर सायन्स फोरमची स्थापना केली. दर आठवड्याला एक व्याख्यान, व्याख्यानाला कोणीही यावे आणि नंतर कोणीही प्रश्न विचारावा, असा तो साधा परिपाठ. विद्यापीठात असताना चमत्कारांची तपासणी करण्यासाठी १९७६ मध्ये समिती नेमणारा हा माणूस प्रश्न विचारणे हेच शिक्षण मानत होता. महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या एका खोलीत त्यांचे आयुष्य गेले. विद्यार्थ्याला शिक्षक केव्हाही सापडावा, ही सोय त्यांनी स्वतः तेथे राहून केली होती. ‘एज्युसॅट’ अवकाशात गेल्यानंतर चार महिन्यांनी, जानेवारी २००५ मध्ये, त्यांचे निधन झाले. एकाच शहराने अध्यापनाचे हे दोन विस्तार पाहिले : एक दूरवर पसरणारा, दुसरा खोलवर जाणारा.

साहित्याच्या वर्गात हा भेद अधिकच जाणवतो. मर्ढेकरांच्या कवितेवरचे उत्तम व्याख्यान चित्रित करून ठेवता येते आणि ते ठेवावेही. परंतु तीच कविता वर्गात वाचली जात असता मागच्या बाकावरून एखादा विद्यार्थी भलताच अर्थ सांगतो, तेव्हा खरे अध्यापन सुरू होते. तो अर्थ कोठून आला, कोणत्या शब्दाने त्याला वाट चुकवली, की वाट चुकलेली नसून नवीच सापडली आहे, हे तेथल्या तेथे शोधावे लागते. चुकीचे वाचन हे साहित्याच्या शिक्षकाचे भांडवल आहे आणि ते आधी चित्रित करून ठेवता येत नाही. मार्च २०२० नंतर महामारीने महाविद्यालये बंद पाडली, तेव्हा याची प्रचीती सर्वांना आली. तास बुडाले नाहीत. पण पडद्यावरच्या काळ्या चौकोनांसमोर बोलणाऱ्या शिक्षकाला आपण कोणाशी बोलतो आहोत हे कळेनासे झाले. कोकणात आणि मलनाडात मुले संपर्कासाठी डोंगर चढून बसली होती. त्यांची ओढ कमी नव्हती. ती पाहणारा डोळा पलीकडे नव्हता.

२०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आणि चर्चेला नवे वळण मिळाले. उपग्रहाला न सुटलेले गणित या यंत्रांनी सोडवल्यासारखे दिसते : आता लाखो जण एकाच वेळी शंका विचारू शकतात आणि मध्यरात्रीही, मराठीतही, उत्तर मिळते. ते उत्तर कधी चुकते; तरी ज्याला प्रश्न पडला आहे त्याला हे मोठे साहाय्य आहे. ज्याला तो पडतच नाही त्याचे काय, हा जुना पेच मात्र जागच्या जागी आहे. गीतेने शिकण्याच्या मार्गासाठी ‘परिप्रश्न’ हा शब्द योजला. चहूबाजूंनी विचारणे, उत्तरावर पुन्हा विचारणे, हा त्याचा आशय. शिक्षक असा उलट प्रश्न करतो, कारण समोरच्या मुलाने गेल्या आठवड्यात काय म्हटले होते आणि आज तो गप्प का आहे, हे त्याच्या मनात असते. यंत्रालाही उलट प्रश्न करायला शिकवता येईल. परंतु ज्याने ते उघडलेच नाही, त्याच्या बाकापाशी ते जाऊन उभे राहत नाही.

म्हणून या साधनांचा शहाणा उपयोग कोणता, हे सांगणे अवघड नाही. व्याख्यान घरी ऐकावे, माहिती यंत्राला विचारावी आणि वर्गाचा तास शंका, वाद, उदाहरणे आणि चुका यांसाठी मोकळा ठेवावा. मात्र या रीतीचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. शंभर विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देण्यास एक शिक्षक पुरतो. शंभर विद्यार्थ्यांच्या चुका ऐकून घेण्यास चार लागतात. तंत्रज्ञान नीट वापरायचे तर शिक्षक अधिक हवेत, आणि तेही उद्या असतील याची खात्री असलेले. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत रिक्त जागी तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक तासामागे मानधन घेऊन पुढच्या गावी धावत असतो. तास संपल्यावर दाराशी घुटमळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी थांबायचे, तर त्याची एसटी चुकते. आणि त्या थांबण्याचे मानधन कोणत्याही तक्त्यात बसत नाही. चित्रित व्याख्याने आहेत म्हणून ही पदे रिकामी ठेवता येतील असे ज्यांना वाटते, त्यांनी शिक्षणात व्याख्यानाखेरीज काहीच पाहिलेले नसते. यंत्राने शिक्षकाचा वेळ वाचवला आहे. तो वेळ दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलाला द्यायचा, की अंदाजपत्रकातून कापून टाकायचा, हा निर्णय कोणतेही यंत्र करणार नाही. तो शासनाला आणि संस्थाचालकांनाच करावा लागेल.