हजेरीपट

शिक्षकाच्या दिवसाचा प्रारंभ फळ्यापाशी होत नाही. तो हजेरीपटापाशी होतो. डाव्या बाजूस विद्यार्थ्यांची नावे, वरच्या ओळीत महिन्याच्या तारखा आणि मध्ये बारीक चौकोनांची जाळी, असे त्या वहीचे रूप. रोज नावे पुकारावी, चौकोनांत खुणा कराव्या, महिनाअखेर त्यांची बेरीज करून सरासरी उपस्थिती काढावी आणि वही मुख्याध्यापकांकडे सहीसाठी पाठवावी, असा नित्यक्रम. बालमित्रांनो, पाहणाऱ्यास हे काम रुक्ष वाटते. परंतु ज्याला पट वाचता येतो, त्याला त्या रिकाम्या चौकोनांत पुष्कळ काही दिसते.

पुण्याच्या पेठेतील एका शाळेत मी अनेक वर्षे मराठी शिकवीत होतो. ज्येष्ठ महिन्याच्या वद्य पक्षात श्रीज्ञानेश्वरमहाराज आणि श्रीतुकाराममहाराज यांच्या पालख्या शहरात मुक्कामास आल्या, की माझ्या पटावर काही चौकोन हटकून रिकामे राहत. कोणाच्या घरी वारकरी उतरलेले असत, तर कोणी आजीचे बोट धरून दर्शनाच्या रांगेत उभा असे. गणपतिविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तर अर्धा वर्ग झोपेच्या अधीन! अशा अनुपस्थितीची चिंता नसते. चिंता वाटते ती एकाच नावापुढे पुनःपुन्हा उमटणाऱ्या रिकामेपणाची.

१९८६ सालच्या पावसाळ्यात माझ्या आठवीच्या वर्गातील एका मुलाच्या नावापुढे असे चौकोन वाढू लागले. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन, आणि पुढे तर सलग तीन आठवडे तो शाळेत आला नाही. दोन वेळा पत्र पाठविले. उत्तर आले नाही. दीर्घकाळ गैरहजर राहणाऱ्याचे नाव पटावरून कमी करण्याची तेव्हा रीत होती. तसा प्रसंग आता आला होता.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट काढली. गणिताचे शिक्षक म्हणाले, "तो मुलगा? लेखी उदाहरणांत अडखळतो. पण वजन आणि भाव यांचा हिशेब तोंडी विचारा, चटकन सांगेल." चित्रकलेच्या शिक्षकांना त्याच्या तळहातांवरचे घट्टे आठवले. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "पहिल्या तासालाच त्याचे डोळे मिटू लागत. रात्री झोप मिळत नसावी." चहाचे पेले उचलता उचलता आमचे शिपाई थांबले आणि म्हणाले, "सर, परवा पहाटे मार्केट यार्डात दिसला तो मला. गाळ्यावर कांदे निवडत होता."

खोलीत क्षणभर शांतता पसरली. आमच्यापैकी प्रत्येकाला त्या मुलाची एकेक बाजू ठाऊक होती. संपूर्ण मुलगा मात्र कोणालाच ठाऊक नव्हता.

येत्या रविवारी गणिताचे शिक्षक आणि मी सायकलींवरून गुलटेकडीस गेलो. मुलाचे वडील हमाल होते. पोते उचलताना पाठीत उसण भरून ते अंथरुणास खिळले होते. आम्हांला पाहून ते उठू लागले, तेव्हा आम्हीच त्यांना आडवे राहण्यास सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, पोराची शाळा सुटावी असं मला वाटत नाही. पण घरात चूल पेटायला हवी ना?"

त्यांच्या या प्रश्नास पुस्तकी उत्तर नव्हते. गणिताचे शिक्षक शांतपणे म्हणाले, "तुम्ही बरे होईपर्यंत त्याला सकाळचं काम करू द्या. फक्त दहाला मोकळं करा. शाळा अकराला भरते. मागे पडलेला अभ्यास आमच्याकडे लागला."

दुसऱ्या दिवशी ही योजना ऐकून आमच्यातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी स्पष्ट विरोध केला. "शाळेचा नियम सर्वांना सारखा हवा," ते म्हणाले. "आज एकास सवलत दिली, तर उद्या दुसऱ्यास काय सांगाल?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पुष्कळ वाद झाला. अखेरीस त्यांनी अट घातली, की मुलाने एकही दिवस उशिरा येता कामा नये. ती सर्वांनी मान्य केली. आणि चारच दिवसांनी आम्ही काय पाहिले? त्या मुलास वेळेवर येता यावे, म्हणून याच गृहस्थांनी आपली जुनी सायकल त्याला देऊन टाकली होती!

सहकाऱ्यांमध्ये मतभेद असावेत आणि तरीही काम चालावे, ही पुण्यातील शाळांची जुनी परंपरा आहे. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. शाळेचा आणि पुढे कॉलेजचा भार वाहत असतानाच आपट्यांनी आपला संस्कृत-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८९० साली प्रसिद्ध झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी बापट या सहकाऱ्यांच्या साह्याने मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तक रचले. टिळक आणि आगरकर यांच्यांत पुढे तीव्र मतभेद झाले आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. शाळा मात्र चालतच राहिली. त्याच्याही आधी, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा तिच्या पटावर अगदी थोडी नावे होती. लोकांचा रोष पत्करून त्यांतील एकेक नाव मिळवावे लागले होते. ज्या नगरीत पटावरचे नाव इतक्या कष्टाने लिहिले गेले, तेथे ते सहजासहजी कसे खोडावे?

आता काळ बदलला आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, असा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ही मोठी गोष्ट होय. तथापि कोणता चौकोन कशामुळे रिकामा राहिला, हे कायदा सांगत नाही. ते जवळच्या माणसांनीच पाहावे लागते. आणि ते केवळ शिक्षकांनीच पाहावे, असेही नाही. त्या मुलाच्या बाकावरील सोबत्याने तीन आठवड्यांचे धडे न सांगता त्याच्या वहीत उतरवून ठेवले होते.

दोन महिन्यांनी वडील कामावर जाऊ लागले. मुलगा १९८९ साली दुसऱ्या वर्गात दहावी उत्तीर्ण झाला आणि काही काळाने त्याच बाजारात एका गाळ्यावर हिशेबनीस म्हणून राहिला. त्याला कोणी शिकविले, असे मला कोणी विचारले, तर एक नाव सांगता येणार नाही. गणिताचे शिक्षक, विज्ञानाच्या बाई, शिपाई, सायकल देणारे ते कडक गृहस्थ आणि शेजारी बसणारा एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा, या सर्वांनी मिळून त्याला शिकविले.