वहिनींना पाठ असलेला नंबर

गेल्या श्रावणातली गोष्ट. सोमवारचा उपवास सोडताना दादा दोन घासच जेवला आणि इन्सुलिन मात्र त्याने नेहमीच्या मात्रेत घेतले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय ८१, मुक्काम इंदापूर. पहाटे तीनच्या सुमारास वहिनींना जाग आली ती त्याच्या बडबडण्याने. अंग घामाने भिजलेले, बोलणे असंबद्ध.

वहिनींनी उशाजवळचा मोबाइल घेतला. तो दादाच्या अंगठ्याच्या ठशाने उघडतो. त्यांनी त्याचा अंगठा धरून चार-पाच वेळा टेकवून पाहिला. घामेजलेल्या अंगठ्याला फोनने ओळख दिली नाही. वहिनींचा स्वतःचा फोन नाही. त्या शेजारी धावल्या. शेजाऱ्यांनी आपला फोन पुढे केला आणि विचारले, "काकू, कोणाला लावू?"

वहिनींना एकच नंबर पाठ होता. माझ्या बारामतीच्या घरचा, ०२११२ ने सुरू होणारा. तो दूरध्वनी आम्ही सहा वर्षांपूर्वी बंद करून टाकला. त्यांनी तो पाच वेळा लावायला लावला.

अखेर शेजाऱ्यांनीच १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका आली, शिरेतून ग्लुकोज गेले आणि दादा भानावर आला. मला हे कळले सकाळी आठ वाजता, दादाच्याच तोंडून. "काही नाही गं, जरा चक्कर आली होती."

बारामतीहून इंदापूर सुमारे पन्नास किलोमीटर. त्या दिवशी काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी ही गावे मागे पडत होती आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता. दूरध्वनी बंद केल्याचे मी दादाला कळवले होते. त्याने नवा नंबर फोनमध्ये साठवलाही होता. वहिनींना मात्र कोणीच काही सांगितले नव्हते. आजारी माणसाचे नंबर आजारी माणसाजवळ, आणि त्याची सेवा करणारी बाई रिकाम्या हाताने! या व्यवस्थेला आम्ही सोय म्हणत होतो.

दादाकडे पूर्वी एक वही होती. तिचा इतिहास सांगायलाच हवा. उजनी धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा आमचे भीमाकाठचे गाव उठले. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले, तोवर गावकरी चहूकडे पांगले होते. कोणी नव्या गावठाणात, कोणी मुलांमागे पुण्याला. दादा शाळामास्तर. त्याने लाल कापडी पाठीच्या वहीत प्रत्येकाचा नवा पत्ता लिहून ठेवला. पुढे पत्त्यांशेजारी दूरध्वनी क्रमांक आले, त्या क्रमांकांना पुढे २ चा आकडा जोडला गेला, मग मोबाइल आले. कोणाची सोयरीक असो की दहावा, निरोप या वहीतूनच जात. पालखी इंदापुरी मुक्कामाला येते तेव्हा आमच्याकडे उतरणाऱ्या वारकऱ्यांचेही नंबर तिच्यात होते. आठ वर्षांपूर्वी नातवाने सगळे फोनमध्ये भरून दिले आणि वही रद्दीत गेली.

तेव्हा पुढच्या रविवारी मी माझ्या भाच्याला घेऊन पुन्हा इंदापूरला गेले. फोन पाहिल्यावर कळले की दादाचे ४१२ नंबर तीन ठिकाणी विखुरले होते: काही सिमकार्डावर, काही फोनच्या पोटात, उरलेले गुगलच्या खात्यात. फोन हरवला, तर परत मिळतात ते केवळ खात्यातले. म्हणून भाच्याने आधी सगळे नंबर खात्यात आणले. नंतर संपर्कांच्या अ‍ॅपमध्ये 'एक्स्पोर्ट' करून त्यांची एक फाइल काढली आणि ती पेनड्राइव्हवर ठेवली. व्हीसीएफ नावाची ही फाइल दुसऱ्या फोनमध्ये घातली की सारे नंबर तिथे उतरतात.

छापण्यासाठी ती निरुपयोगी. त्यासाठी संगणकावर तेच संपर्क तक्त्याच्या रूपात घेतले, तेव्हा वेगळीच गंमत झाली. तक्त्याचा प्रोग्रॅम नंबरांना बेरजेचे आकडे समजतो. त्याने ०२११२ मधले पहिले शून्य गाळून टाकले आणि काही मोबाइल क्रमांकांचे भलतेच काही केले. तो रकाना आकड्यांचा नसून मजकुराचा आहे, असे आधी सांगावे लागते. आपण हे काम कोणाकडून करून घेतले तर छापलेले चार-पाच नंबर फोनशी ताडून जरूर पाहावेत. आणि छपाई दुकानात केली, तर तिथल्या संगणकावरची फाइल आपल्या डोळ्यांदेखत पुसायला लावावी. तिच्यात आपल्या सगळ्या माणसांचे नंबर असतात.

यादी चाळताना भाचा म्हणाला, "मामा, यातले किती जण हयात आहेत?" दादाने चष्मा पुसला आणि एकेक नाव वाचू लागला. साठाहून अधिक माणसे गेलेली. भाच्याला ती काढून टाकायची होती. दादा म्हणाला, "राहू देत. त्यातले निम्मे नंबर आता त्यांच्या मुलांकडे आहेत. आणि नसले तरी राहू देत." भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. गाव पाण्याखाली गेलेल्या माणसाकडून आणखी काय काय पुसून घ्यायचे?

मोठी यादी अशी जशीच्या तशी छापली: चौदा पाने. खरा प्रश्न दारामागे लावायच्या एका पानाचा होता. फोनमधली नावे इंग्रजी अक्षरांत, वहिनी वाचतात मराठी. शिवाय नावे दादाच्या हिशेबाची. डॉक्टर 'मधुमेह नवीन' या नावाने, मी 'बारामती दोन' या नावाने! दादा ज्यांना नावाने ओळखतो, त्यांना वहिनी नात्याने ओळखतात. मग वहिनींना पाटावर बसवले आणि म्हटले, तुम्ही सांगाल तसे लिहू. त्यांनी सांगितले: वन्सं. धाकटे भावजी. इन्सुलिनचे डॉक्टर. औषधवाला. रिक्षावाला, रात्री येतो तो. अगदी शेवटी हळूच म्हणाल्या, "माझ्या भावाचा घालता का?" पन्नास वर्षांच्या संसारात त्यांच्या माहेरचा नंबर त्यांच्या हाती नव्हता.

ठळक, मोठ्या अक्षरांत अकरा नंबर बसले. वर १०८ आणि ११२; ज्येष्ठांसाठीचा १४५६७ही घातला. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या दूरध्वनीवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावे लागते. शेजाऱ्यांकडे तसा फोन आहे, म्हणून मोबाइल क्रमांकांपुढे शून्यही छापले. खाली दादाची औषधे व मात्रा, आणि एक ओळ: शुद्धीवर असेल तर साखरपाणी पाजावे, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. बँकेचे किंवा पासवर्डाचे काही त्या पानावर लिहिले नाही. कोपऱ्यात तारीख घातली. एक प्रत दारामागे, एक शेजाऱ्यांकडे, एक वहिनींच्या बटव्यात.

फोनबाबतही एक गोष्ट त्याच दिवशी कळली, ती आधी कळायला हवी होती. कुलूप लावलेल्या पडद्यावरही 'इमर्जन्सी' लिहिलेले असते. ते दाबून ठसा न देता ११२ लावता येतो. भाच्याने वहिनींकडून ते चार वेळा करवून घेतले, नंबर न लावता, नुसते त्या पडद्यापर्यंत जाऊन.

आम्ही निघालो तेव्हा अंधार पडला होता. बारामतीला पोचून पायांवर पाणी घेते तोच मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. उचलला, तर पलीकडे वहिनी, शेजाऱ्यांच्या फोनवरून.

"वन्सं, मीच. पानावर बघून लावला. लागतो का ते बघत होते."

मग इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाल्या, "आता भावाला लावते."