बर्फाची वखार

आमचें हिंजवडी हें गांव आतां कांचेच्या इमारतींचें गांव झालें आहे. वैशाखाच्या उन्हांत त्या कांचा डोळे दिपवितात, आणि आंत बसणाऱ्यांस गारवा मिळावा म्हणून गारव्याचीं यंत्रें अखंड घरघरत असतात. गतवर्षीं सुटींत मद्रासेस, म्हणजे आतांच्या चेन्नईस, जाण्याचा योग आला तेव्हां अगदीं उलट जातीची एक इमारत आमच्या पाहण्यांत आली. यंत्राच्या साह्यावांचून थंडी राखण्याकरितांच ती बांधलेली होती.

मरीनाच्या समुद्रकांठासमोर ही वाटोळी वास्तु उभी आहे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें ती १८४२ च्या सुमारास उभारली. अमेरिकेंतील तळीं हिंवाळ्यांत गोठलीं म्हणजे बर्फाच्या लाद्या कापावयाच्या, लांकडाच्या भुशांत पुरावयाच्या, आणि सुमारें चार महिन्यांच्या जलप्रवासानें हिंदुस्थानांत आणावयाच्या, असा हा अचाट व्यापार! १८३३ सालीं कलकत्त्यास पहिलें जहाज लागलें, तेव्हां निघतांना भरलेल्या १८० टनांपैकीं सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. मुंबईंतहि अशी वखार होती; आज जेथें कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे तेथें. ती गेली, कलकत्त्याचीहि गेली. मद्रासची तेवढी राहिली.

ती राहिली याचें कारण, आमच्या मतें, तिला माणसांनीं घर केलें हें होय. पण तें काम सोपें नव्हतें. वखारीस जाड भिंती हव्यात, झरोके नकोत. माणसास वाऱ्यावांचून घटकाभर राहवत नाहीं. १८८० च्या सुमारास येथेंच यंत्रानें बर्फ होऊं लागला व ट्यूडरचा धंदा बसला. तेव्हां बिलिगिरी अय्यंगार नांवाच्या वकिलांनीं ती वखार विकत घेतली. त्यांनीं भोंवतीं वाटोळे व्हरांडे काढले, त्या जाड भिंती फोडून खिडक्या पाडल्या, आणि एका न्यायाधीशाच्या नांवावरून घरास ‘कॅसल कर्नन’ म्हणूं लागले. आम्हीं एका खिडकींत हात घालून भिंतीची जाडी अजमाविली व गवंड्याची कींव केली! इतकें करूनहि घरांत वारा म्हणावा तसा खेळेना. १८९७ च्या फेब्रुवारींत स्वामी विवेकानंद येथें नऊ दिवस राहिले. ज्या देशाहून बर्फ येई, त्याच देशीं कीर्ति मिळवून ते परत आले होते.

आम्हांस मात्र पुढची हकीकत अधिक चटका लावून गेली. अकराबारा वर्षांच्या वयांत वैधव्य आलेल्या सुब्बलक्ष्मी नांवाच्या मुलीस वडिलांनीं शिकविलें, मिशनच्या जोगिणींच्या शाळेंत घातलें. १९११ सालीं ती बी. ए. झाली. तिनें आपल्यासारख्याच बालविधवा गोळा केल्या, आणि त्यांचें वसतिगृह कांहीं वर्षांनीं ह्याच वखारींत आलें. आमच्या पुण्यास अण्णासाहेब कर्व्यांस १९०० सालीं अशाच मुलींसाठीं गांवाबाहेर हिंगण्याच्या माळावर झोंपडी बांधावी लागली होती. तेथें माळ, येथें बर्फाची वखार! ज्या मुलींस घरींच अंधाऱ्या कोपऱ्यांत बसविलें जाई, त्या ह्या खिडक्यांशीं पुस्तक घेऊन बसत असतील. वकिलांनीं पाडलेल्या खिडक्यांतून समोर सबंध समुद्र दिसतो. आम्ही त्या व्हरांड्यांत बराच वेळ उभे राहिलों. आमच्या शाळेंतील मुलींस ही जागा एकदां दाखवावी असें फार वाटलें.

पुढें १९६३ सालीं विवेकानंदांच्या जन्मशताब्दीस वास्तूस त्यांचें नांव दिलें गेलें. आज तेथें त्यांच्या चरित्राचें प्रदर्शन आहे. परंतु जातांना आम्हीं रिक्षावाल्यास तें नांव सांगितलें, तें त्यास उमजेना. दोनतीनदां खुणा करून झाल्या. शेवटीं ‘आइस हाऊस’ म्हणतांच त्यानें मान हलविली व गाडी सुरू केली.