वेतनाआधी विश्वविजेतेपद

पुणे

चि. भाचीस,


मुलीला रग्बीमध्ये आंतरराष्ट्रीय कारकीर्द घडवता येते का, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देणे योग्य ठरणार नाही. कारण कौशल्य खेळाडूचे स्वतःचे असले, तरी त्याची कारकीर्द व्हायची तर वेतन, प्रशिक्षण, सामने आणि उपचार यांची तजवीज करणारी संस्था पाठीशी असावी लागते. इंग्लंडच्या एमिली स्कॅरट हिची 2008 ते 2025 या काळातील वाटचाल या विधानाचा उत्तम दाखला आहे.

रग्बी युनियन हा प्रत्येकी 15 खेळाडूंच्या दोन संघांत 80 मिनिटे चालणारा खेळ असून, त्यात चेंडू हाताने पुढे फेकण्यास मनाई असल्यामुळे तो मागे किंवा बाजूला देत, धावत, धडका घेत किंवा पायाने टोलवत पुढे न्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 5 गुणांचा ‘ट्राय’ होतो. त्यानंतर उभ्या खांबांमधून आणि आडव्या दांडीवरून चेंडू टोलवल्यास ‘कन्व्हर्जन’चे 2 गुण, तर प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळालेली पेनल्टी किक साधल्यास 3 गुण मिळतात. 1990 साली लेस्टर येथे जन्मलेली स्कॅरट ही ‘सेंटर’, म्हणजे मागच्या फळीच्या मध्यभागी राहून बचाव भेदणारी, आणि ‘फुलबॅक’, म्हणजे सर्वांत मागे राहून अखेरचा बचाव सांभाळणारी, अशा दोन्ही जागी खेळत असे, आणि त्याखेरीज संघाच्या किक मारण्याची जबाबदारीही तिच्याकडेच असे. हे काम वाटते त्याहून कठीण आहे, कारण ट्राय जिथे झाला त्याच्याच सरळ रेषेत मागे जाऊन कन्व्हर्जन मारावे लागते, त्यामुळे मैदानाच्या कोपऱ्यात झालेला ट्राय किक मारणारीसमोर अतिशय अरुंद कोन उभा करतो, आणि त्या घटकेला तिच्या मदतीला दुसरे कोणीही येऊ शकत नाही.

2014 च्या विश्वचषकाच्या पॅरिस येथील अंतिम सामन्यात या कौशल्याची खरी कसोटी लागली. कॅनडाविरुद्ध इंग्लंडची आघाडी 14-9 अशी, म्हणजे एका ट्रायने पुसली जाईल एवढीच, उरली असताना स्कॅरट हिने बचाव भेदून ट्राय केला, त्यावरील कन्व्हर्जनही साधले आणि सामना 21-9 असा जिंकून दिला. त्या 21 गुणांपैकी 16 तिचे एकटीचे होते. मात्र विश्वविजेता ठरलेला हा संघ व्यावसायिक नव्हता. कर्णधार केटी मॅक्लीन प्राथमिक शिक्षिका होती, सोफी हेमिंग पशुवैद्य होती, आणि देशासाठी खेळणाऱ्या या स्त्रियांना नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात सराव करावा लागत होता.

विजेतेपदानंतर इंग्लंडच्या रग्बी संघटनेने पूर्णवेळ करार दिले खरे, पण ते प्रामुख्याने सेव्हन्ससाठी, म्हणजे प्रत्येकी सात खेळाडूंच्या, अल्पावधीत संपणाऱ्या प्रकारासाठी, कारण 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला होता. तेथे स्कॅरट ब्रिटनची कर्णधार होती, आणि कांस्यपदकाच्या लढतीत कॅनडाकडून हरल्यामुळे तिचा संघ चौथा आला. 2017 च्या विश्वचषकानंतर 15 जणींच्या संघाचे करार चालू राहणार नाहीत, अशी घोषणा तर स्पर्धेच्या तोंडावरच झाली. पुढे जानेवारी 2019 पासून 28 जणींना पूर्णवेळ करार मिळाले आणि त्याच वर्षी स्कॅरट जगातील सर्वोत्तम महिला रग्बीपटू ठरली. अकरा वर्षे देशासाठी खेळलेल्या आणि विश्वचषक जिंकून दिलेल्या खेळाडूला, ज्या प्रकारात तिने तो जिंकला त्याच प्रकारात, स्थिर वेतनासाठी इतकी वाट पाहावी लागावी, ही अन्यायाची गोष्ट आहे, आणि ती तशीच म्हटली पाहिजे.

या कारकिर्दीत पराभवही मोठे आहेत. 2010, 2017 आणि 2022 अशा तीन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत न्यूझीलंडने इंग्लंडला हरवले. त्यांतील 2022 चा ऑकलंड येथील 34-31 हा पराभव सलग 30 विजयांनंतरचा होता, आणि त्या सामन्यात एका खेळाडूला लाल कार्ड मिळाल्याने इंग्लंड तासाहून अधिक काळ 14 जणींनिशी झुंजत होते. 2021 मध्ये पाय मोडल्यावर आणि 2023 मध्ये मानेच्या शस्त्रक्रियेनंतर स्कॅरट दोन्ही वेळा मैदानात परतली, त्यामागे तिची जिद्द तर होतीच, पण तोवर उभी राहिलेली करारांची व्यवस्थाही होती.

2025 च्या विश्वचषकात सलामीला अमेरिकेविरुद्ध उतरून ती पाच विश्वचषक खेळणारी इंग्लंडची पहिली खेळाडू ठरली. अंतिम सामन्याच्या 23 जणींत तिची निवड झाली नाही, तरी ट्विकनहॅम येथे 81,885 प्रेक्षकांसमोर इंग्लंडने कॅनडाला 33-13 असे हरवले तेव्हा त्या विजयी चमूची ती सदस्य होती. 119 सामने आणि इंग्लंडसाठी विक्रमी 754 गुण नोंदवून ती निवृत्त झाली.

भारतात या खेळाची परिस्थिती निराळी आहे. पुण्याच्या वाहबिझ भरुचा हिने भारताचे नेतृत्व केले आहे, आणि 15 जणींच्या प्रकारातील भारताचा पहिला विजय 2019 मध्ये मनिला येथे सिंगापूरवर 21-19 असा मिळाला, तोही ओडिशाच्या सुमित्रा नायक हिने अखेरीस साधलेल्या पेनल्टी किकमुळे. कौशल्य येथेही आहे, हे यावरून सिद्ध होते. अपुरी आहे ती त्याला वर्षानुवर्षे पोसणारी व्यवस्था. म्हणून किकचा सराव नेटाने करावाच, परंतु वर्षाला किती सामने मिळणार, दुखापतीचा खर्च कोण करणार आणि प्रवासभत्ता कधी मिळणार, हे प्रश्न संघटनेला पहिल्या दिवसापासून विचारावेत. ते विचारण्यात उद्धटपणा नाही, पुढच्या मुलींचा मार्ग त्यानेच सोपा होतो.

 

तुझी मावशी