बापू, बेन आणि आमचा अण्णा

३२-२७-५-०.

हा कुणाचा मोबाइल नंबर नाही बरं का. ही बापू नाडकर्णींची बोलिंग फिगर आहे. जानेवारी १९६४, मद्रास टेस्ट, समोर इंग्लंड. ३२ ओव्हर्स, त्यातल्या २७ मेडन, रन पाच, विकेट शून्य. त्यात सलग २१ ओव्हर्स मेडन! बापूंच्या १३१ चेंडूंवर ओळीने एकही रन निघाला नाही. क्रिकेटचं क्विझ असलं की हा प्रश्न येतोच, आणि उत्तरही सगळ्यांना येतं. माझा प्रॉब्लेम तिथेच आहे. प्रश्न सगळ्यांना ठाऊक, माणूस कुणालाच नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या गावची टेनिस बॉल टुर्नामेंट. गाव दुधनी, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवर आमचं स्टेशन आहे आणि पुढे लगेच कर्नाटक. त्यामुळे एका वाक्यात दोन भाषा बोलणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. गावात तुरीचं मोठं मार्केट. आणि गावातून पुण्याला जाऊन नोकरीला लागलेला प्रत्येक पोरगा म्हणजे गावाच्या लेखी चालतंबोलतं एटीएम. तर टुर्नामेंट कमिटीचा फोन आला. यंदा एक ट्रॉफी तुझ्याकडून पाहिजे, 'सर्वाधिक सिक्सर'.

मी म्हटलं, पैसे देतो. पण ट्रॉफी सगळ्यात कमी रन देणाऱ्या बोलरला द्यायची.

पलीकडे शांतता. मग सेक्रेटरी म्हणाला, ''त्यात पब्लिकनं बघायचं काय बे?''

बोला! हसण्यावारी नेऊ नका, प्रश्न एकदम रास्त आहे. पुढचा प्रश्न त्याहून खमंग होता. एखाद्याला लिंबूटिंबू टीमपुढे दोन ओव्हर मिळाल्या आणि त्यानं तीन रन दिले, तर तो मोठा की फायनलला दहा देणारा? सिक्सर मोजायला सोप्या असतात. बॉल बाउंड्रीबाहेर गेला की दिसतो. जो गेलाच नाही, तो मोजायचा कसा?

बापूंच्या बाबतीतही घोडं इथेच अडतं. आयसीसीने हॉल ऑफ फेम २००९मध्ये सुरू केलं. बेदी, गावसकर, कपिलपासून २०२५मध्ये आलेल्या धोनीपर्यंत आपली मंडळी तिथे आहेत. त्या यादीत बापू नाहीत. आणि तुम्ही विरुद्ध बाजूचे वकील असाल, तर तुमची केस अगदीच लंगडी नाही. मद्रासची ती मॅच ड्रॉ झाली. इंग्लंडच्या टीममध्ये आजारपण शिरलं होतं. समोर बोलस आणि बॅरिंग्टन, म्हणजे टिकून राहण्यात धन्यता मानणारी माणसं. एकाला रन द्यायचे नव्हते आणि दुसऱ्याला घ्यायचे नव्हते, असा तो प्रकार. शिवाय ४१ टेस्टमध्ये विकेट फक्त ८८. एका विकेटसाठी सरासरी १०४ चेंडू! आजच्या कुठल्याही कॅप्टनला एवढा पेशन्स नसेल.

मान्य. सगळं मान्य. पण त्याच इनिंगमध्ये दुसऱ्या एण्डला काय झालं, हे क्विझमास्तर कधी विचारत नाहीत. चंदू बोर्डेंनी ८८ रनमध्ये ५ विकेट काढल्या. एका बाजूने नळ पूर्ण बंद केला की दुसऱ्या बाजूला प्रेशर येणारच, हे आपल्याला सोसायटीच्या टाकीमुळे पक्कं माहीत आहे. पण स्कोअरकार्डमध्ये विकेटपुढे बोलरचं नाव एकच लिहितात. बोर्डेंचं श्रेय काढून घ्यायचं नाहीये मला. पण त्या पाचांत बापूंचा वाटा किती, याला कॉलमच नाही.

आता थोडी आकडेमोड सहन करा. बापूंनी टेस्टमध्ये ओव्हरला सरासरी १.६७ रन दिले. हे झालं कंजूषपणाचं. पण विकेटमागे दिलेले रन पाहा, २९.०७. प्रसन्ना ३०.३८, चंद्रशेखर २९.७४, बेदी २८.७१. म्हणजे ज्या तिघांची नावं घेताना आपल्या काकालोकांचा गळा भरून येतो, त्यांच्यातल्या दोघांपेक्षा बापूंचं ॲव्हरेज चांगलं आहे आणि तिसऱ्यापेक्षा अगदी किंचित मागे! आणि विनू मांकड? १६२ विकेट, ॲव्हरेज ३२.३२. मांकड २०२१मध्ये हॉल ऑफ फेममध्ये आले, आणि यायलाच हवे होते. विकेट दुपटीच्या जवळपास, शिवाय ओपनिंग बॅट्समन म्हणून पाच सेंच्युरीज. माणूस मोठाच. गंमत अशी, की १९५५मध्ये दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध बापूंचं पदार्पण झालं ते याच मांकडांनी विश्रांती घेतली म्हणून. बापूंनी नाबाद ६८ केले, ५७ ओव्हर्स टाकल्या, विकेट एकही नाही. पुढच्या टेस्टला मांकड परत, बापू बाहेर. करिअरची पहिलीच मॅच, आणि पुढे काय काय होणार त्याचा ट्रेलर तिथेच दिसला.

माझं स्पष्ट मत सांगू? २१ मेडन ओव्हर्सनी बापूंचं नुकसान केलं. त्या एका रेकॉर्डने ते 'असंही होतं बरं का' या कप्प्यात जाऊन बसले. त्यांची खरी केस दोन दुसऱ्या मॅचेसमध्ये आहे. पहिली कानपूर, १९६४, त्याच सिरीजमधली शेवटची टेस्ट. इंग्लंडने साडेपाचशेच्या वर रन केले, आपल्याला फॉलोऑन मिळाला. बापू पहिल्या इनिंगमध्ये नाबाद ५२, दुसऱ्यात नाबाद १२२. मॅच वाचली. दोन्ही वेळा इंग्लंडला त्यांना आउटच करता आलं नाही! टेस्टमधली ती त्यांची एकुलती एक सेंच्युरी. दुसरी पुन्हा मद्रासच, पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली. समोर बॉबी सिम्पसनचा ऑस्ट्रेलियन संघ. बापूंच्या विकेट पहिल्या डावात ५, दुसऱ्यात ६. एका टेस्टमध्ये ११ विकेट घेणाऱ्याला नुसता 'रन अडवणारा' कसं म्हणायचं? पण आपण ती मॅच हरलो. हरलेल्या मॅचमधल्या ११ विकेट कोण लक्षात ठेवतं?

म्हणून मला बास्केटबॉलवाल्यांचं कौतुक वाटतं. एनबीएमध्ये बेन वॉलेस नावाचा खेळाडू होता. १९९६च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही उचललं नाही. पूर्ण करिअरमध्ये मॅचमागे सरासरी पॉइंट्स ५.७, म्हणजे स्टार लोक पहिल्या दहा मिनिटांत करतात तेवढे. पण त्याच्या डोक्यावरून बास्केट करायची तर देव आठवायचा. 'डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर' हा किताब त्याने चार वेळा मिळवला. २००४च्या फायनलमध्ये शकिल ओनील आणि कोबी ब्रायंटच्या लेकर्सना त्याच्या डेट्रॉइट पिस्टन्सनी ४-१ असं लोळवलं. अशा माणसाला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं का, यावर तिकडेही भरपूर काथ्याकूट झाला. '५.७ वाला?' असं नाक मुरडणारे होतेच. २०२१मध्ये घेतलं. फरक एवढाच, की त्यांच्याकडे अडवणाऱ्याचा वेगळा किताब आधीपासून होता. त्यामुळे वॉलेसच्या बाजूने दाखवायला काहीतरी हातात होतं. आपण डिफेन्सवाल्याला आत घेतो, नाही असं नाही. राहुल द्रविडला २०१८मध्ये घेतलंच की. पण वॉलच्या मागे तेरा हजारांवर टेस्ट रन उभे होते.

एकनाथ सोलकरांचंही तेच. २७ टेस्टमध्ये ५३ कॅचेस, तेही शॉर्ट लेगला, बिनहेल्मेटचे, बॅट्समनच्या पॅडला नाक लावून. बोलर्सच्या विकेट वाढल्या, सोलकरांच्या नावापुढे 'उत्कृष्ट क्षेत्ररक्षक' एवढं एक विशेषण लागलं. असो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता तुमच्या ऑफिसकडे बघा. लिफ्टसमोर 'स्टार्स ऑफ द क्वार्टर'चा बोर्ड असतोच. त्यावर सेल्सवाले असतात. मोठं क्लायंट आणणारा हसरा फोटो असतो. सर्व्हर तीन वर्षं पडू न देणाऱ्या मुलीचा फोटो मी तरी अजून पाहिलेला नाही. सर्व्हर पडला आणि तिने रात्रभर जागून उभा केला तर मात्र मेल येतो, टाळ्यांच्या इमोजीसकट. पडूच दिला नसता तर? अप्रेझलमध्ये 'काहीच झालं नाही' हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

टुर्नामेंटच्या सेक्रेटरीला पटवण्यासाठी मग मी ठेवणीतला बाण काढला. २०२३च्या आयपीएल प्लेऑफपासून बीसीसीआयने प्रत्येक डॉट बॉलमागे ५०० रोपं लावायची टूम काढली. त्या हिशेबाने बापूंच्या १३१ चेंडूंची ६५,५०० झाडं होतात. आमच्या अख्ख्या शिवारात तेवढी झाडं नसतील! सेक्रेटरी हसला, म्हणाला, ''कमिटीत विषय ठेवतो.''

खरं सांगायचं तर ही ट्रॉफी मी बापूंसाठी मागत नव्हतो. माझा एक चुलतभाऊ आहे, आम्ही त्याला अण्णा म्हणतो. दहा-बारा वर्षं गावच्या टीमकडून खेळला. सहा ओव्हरच्या मॅचमध्ये त्याच्या दोन ओव्हर म्हणजे समोरच्याला उपास. तो आल्यावर बॅट्समन दुसऱ्या एण्डला मारायला जायचे आणि आउट व्हायचे. मिक्सर, टेबल फॅन, एकदा तर कूलर, सगळी बक्षिसं दुसऱ्यांच्या घरी गेली. आता तो मार्केट यार्डात मापाडी आहे. दिवसभर तुरीची पोती काट्यावर. त्याच्या काट्यावर भांडण झाल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि त्यामुळेच यार्डात त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. भांडण झालं की मापाड्याचं नाव निघतं.

त्याला फोन करून ट्रॉफीचं सांगितलं. वाटलं, खूश होईल.

''किती रन दिले ते बघू नको तम्मा,'' अण्णा म्हणाला. ''कुणाला दिले नाहीत ते बघ. नऊ नंबरवाल्याला कुणी पण अडवतंय.''

मग मी तोच नियम कमिटीला कळवला. समोरच्या टीमच्या पहिल्या चार बॅट्समनना टाकलेले चेंडू धरायचे, किमान बारा, आणि क्वार्टर फायनलपासून पुढच्याच मॅचेस. स्कोअररला जरा जास्त लिहावं लागेल. त्याने कटकट केली, मग चहावर तयार झाला. 'सर्वाधिक सिक्सर'ची ट्रॉफी अर्थात आहेच, तिला दुसरा स्पॉन्सर मिळाला. त्याने माझ्या दुप्पट पैसे दिले.

गेल्या शनिवारी ट्रॉफी आणायला दुकानात गेलो. वरचा पुतळा निवडायचा होता. बॅट उगारलेला होता, हात वर करून अपील करणारा होता, डाइव्ह मारून कॅच घेणाराही होता. नुसता बोलिंग टाकणारा नव्हता. दुकानदार म्हणाला, ''साहेब, तो कुणी मागत नाही हो.'' शेवटी वर फक्त एक बॉल बसवून घेतला. खाली पट्टीवर 'बापू नाडकर्णी ट्रॉफी' कोरायला सांगितलंय. ऑर्डर लिहून घेताना त्याने विचारलं, ''हे कोण, तुमच्या गावचे का?''